रिपोर्ट साफ, दुखणं कायम

‘‘मनाचे खेळ!’’

एवढं म्हणून पीटी सर तोंडातली शिट्टी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत, की समजायचं, तपासणी संपली. पोरगं पोटात दुखतं म्हणो, पाय मुरगळला म्हणो, नाहीतर चक्कर येते म्हणो, सरांचं निदान ठरलेलं होतं. औषधही ठरलेलं होतं : मैदानाला दोन फेऱ्या. त्यानंतरही दुखत असेल तर तिसरी.

असा एखादा सर तुम्हीही पाहिला असेल. छाती पुढं, पोट मागं, कडक इस्त्रीची पांढरी पँट, आणि आवाज असा की औरंगपुऱ्यात आमच्या मैदानावर ‘सावधान’ म्हटलं तर गल्लीतला भाजीवाला थबकावा. मूळचे पिशोरचे. पन्नाशी उलटली तरी रोजचे सूर्यनमस्कार चुकले नाहीत. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत आजारपणाची रजा एकही नाही. ‘‘आजारी पडणं ही बसून काम करणाऱ्यांची चैन हाय,’’ असं ते स्टाफरूममध्ये म्हणत आणि माझ्याकडं पाहत.

मी विज्ञान शिकवायचो. आता सरांच्या गमती सांगायच्या तर आधी स्वतःची एक सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल शाळेत हसण्यासारखे तेवढे एकच होते. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. तो मी बावीस वर्षं एकाच वाक्यात शिकवला : ‘‘हा धडा सोपा आहे, घरी वाचा.’’ आकृतीचं पान आलं की मी दोन पानं एकदम उलटायचो. मुलं माझ्याहून हुशार. ती आधीच तिथं पोचलेली असायची.

तर एका जानेवारीत, क्रीडासप्ताह संपल्यावर, पीटी सर पाय फाकवून चालायला लागले. कुणी विचारलं की ‘‘मांडीची शीर’’ म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागं गाठलं. ज्यांचा आवाज गल्लीला ऐकू जायचा ते सर चक्क कुजबुजत होते.

‘‘विज्ञान सर, एक विचारायचं हाय. एका विद्यार्थ्याचं हाय.’’

‘‘कितवीचा?’’

‘‘त्याचं वय चोपन्न हाय.’’

मी हसलो नाही. त्यांचा चेहरा तापलेला दिसत होता.

‘‘काय होतंय त्याला?’’

‘‘खाली सुजलंय. उजवीकडं. लिंबाएवढं. तापबी हाय.’’

‘‘खाली म्हणजे नेमकं कुठं?’’

‘‘खाली म्हणजे खाली! आता चित्र काढून दाखवू का?’’

चित्र पुस्तकात होतंच. पण आम्हा दोघांपैकी एकालाही ते पान उघडायचं सुचलं नाही. मी त्यांना रिक्षात घालून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं, लघवी आणि रक्त तपासायला पाठवलं, सोनोग्राफी केली. लघवीच्या मार्गातले जंतू वर चढून वृषणाच्या मागच्या नळीत शिरले होते. दोन आठवडे गोळ्या, विश्रांती, स्कूटर बंद. सरांनी गोळ्या अगदी घड्याळ लावून घेतल्या. ताप गेला, सूज उतरली, पुन्हा केलेले रिपोर्ट साफ आले. इथंच गोष्ट संपायला हवी होती.

पण दुखणं काही गेलं नाही. सणकून नाही, ठणकून नाही, नुसतं आहे म्हणून आठवण देत राहायचं. दुपारी कमी, शाळा सुटताना जास्त. आणि मागच्या बाजूला हाताला लागणारी वाटाण्याएवढी एक कडक गाठ. महिना झाला, दोन झाले. सरांची खात्री पटली की जंतू कुठंतरी दबा धरून बसलेत. ते पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडं जाऊ लागले. चौथ्या खेपेला मी बरोबर होतो. डॉक्टरांनी मोबाइलवरची नजर न उचलता सांगितलं, ‘‘सर, रिपोर्ट साफ आहेत. मशीन खोटं बोलत नाही. आता हे सगळं मनाचे खेळ.’’

बाहेर येऊन सर माझ्या स्कूटरवर मागं बसले आणि बसल्या बसल्या लगेच उतरले.

‘‘मला म्हणाला. मनाचे खेळ. मला!’’

तो क्षण मी आयुष्यभर जपून ठेवावा इतका गमतीचा होता. पण मी रस्त्याकडं पाहत स्कूटर ढकलू लागलो. आम्ही चालत घरी आलो.

इकडं स्टाफरूममध्ये सरांनी ‘कंबर’ असं जाहीर केलं होतं. मग काय विचारता! मराठीच्या बाईंनी कंबरेसाठी माहेरचं तेल आणलं. क्लार्कनं चुंबकाचा पट्टा दिला. मुख्याध्यापकांनी गादी बदलायला सांगितली आणि गादी कुठल्या दुकानातून घ्यावी यावर पाऊण तास मार्गदर्शन केलं. सरांनी तेल चोळलं, पट्टा बांधला, गादी बदलली. त्यांची कंबर, जिला कधी काही झालंच नव्हतं, ती लोखंडासारखी झाली. दुखणं जिथं होतं तिथंच राहिलं.

सर भिंतीवरच्या जाहिराती वाचायला लागले तेव्हा मला काळजी वाटायला लागली. ‘निराश पुरुषांनो’ अशी सुरुवात असलेल्या जाहिराती आपल्या शहरात कुठं नाहीत? हर्सूलच्या रस्त्याला एका माणसानं जडीबुटीचा तंबू ठोकला होता. सर तिथं गेले. त्यानं काही तपासलं नाही, नुसती नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘‘जवानीतली चूक आहे.’’ सर तरुणपणात मल्लखांब सोडून कशालाच मिठी न मारलेला माणूस. ते तीन दिवस आपली चूक आठवत बसले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, ‘‘सर, अकरावीत असताना देवगाव रंगारीच्या जत्रंत एक तमाशा पाह्यला व्हता. त्यानं व्हत असंल का?’’

तंबूवाल्यानं काळं चूर्ण दिलं होतं. बाटलीवर गर्जना करणारा सिंह आणि खाली ‘फक्त पुरुषांसाठी’. ती बाटली सरांनी कपाटात धोतरांखाली लपवली. वर्षातून दोनदा धोतर नेसणाऱ्या माणसाची धोतरं बायको कधी ना कधी उन्हात घालणारच.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, एका दुपारी आमच्या घरी आल्या. त्या शिवणकाम करायच्या, गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्याकडं. शिवायच्या कापडाच्या पिशवीतून त्यांनी बाटली काढली आणि आमच्या टीपॉयवर ठेवली.

‘‘भाऊजी, खरं सांगा. ह्यांचं बाहेर काही हाय का?’’

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला. आमच्या सौभाग्यवतींना ऐकायचं असलं की चहासुद्धा आवाज न करता उकळतो.

‘‘छे छे, वहिनी! त्यांची कंबर दुखतेय.’’

‘‘कंबरंला सिंह लागतो का?’’

मी बाटलीवरचा सिंह भिंतीकडं फिरवला.

‘‘तीस वर्षं झाली लग्नाला. दोन महिन्यांपासून दुसऱ्या खोलीत निजतात. काय झालं म्हटलं तर अंगावर येतात. मी काय समजायचं?’’

मी विज्ञानाचा पदवीधर. आजाराचं नाव, कारण, जागा, सगळं मला माहीत. एका वाक्यात त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवता आलं असतं. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘‘वहिनी, हे तुम्ही दोघांनी घरी बोला.’’

त्या उठल्या. बाटली पिशवीत टाकली. ‘‘घरी बोलले असते तर तुमच्या दारात आले असते का मी?’’

त्या गेल्यावर आमची बायको बाहेर आली आणि चहाचा एकच कप घेऊन माझ्यासमोर बसली. तो तिनं स्वतः प्यायला.

त्याच संध्याकाळी सर मेडिकलवाल्या चाचांच्या दुकानात उभे होते. चाचांचं दुकान शाळेच्या कोपऱ्यावर. त्यांची तीन मुलं आमच्याकडं शिकलेली. सरांनी त्याच जुन्या चिठ्ठीवर पुन्हा तीच जंतूंची गोळी मागितली. मी खोकल्याचं औषध घ्यायला तिथंच होतो.

‘‘नक्को मास्तर,’’ चाचा म्हणाले. ‘‘दो बार दिया, मेरी गलती. कीडा तो कबका मर गया. अब मरे हुए को कितना मारते?’’

‘‘मग अजून का दुखतंय?’’

‘‘वो मैं कैसा बोलूं? मैं दुकानदार हूं. सिडको में पेशाब की बीमारी की डॉक्टरनी है, उसको दिखाओ.’’

‘‘डॉक्टरनी?’’ सरांनी इकडंतिकडं पाहिलं. ‘‘बाईमाणसाला मी काय दाखवू?’’

‘‘बीमारी दिखाओ, मास्तर. बाकी उसने सब देखेला है.’’

सर घरी गेले. तिथं वहिनींनी त्यांच्या ताटाशेजारी, लोणच्याच्या जागी, सिंहाची बाटली ठेवली होती. पुढचं मला सरांनीच नंतर सांगितलं. ते तसंच जेवायला बसले, दोन घास खाल्ले, आणि मग त्यांना रडू फुटलं. त्या रात्री त्यांनी वहिनींना सगळं सांगून टाकलं.

‘‘वडलांना गाठ व्हती, सर,’’ ते मला म्हणाले. ‘‘तिथंच. त्यांनी कुणाला दाखवली नाय. धोतर नीट करायचे अन् शेतात जायचे. शेवटी दाखवली तवा डॉक्टर म्हणला, लई उशीर झाला. मला रोज वाटायचं, आपलंबी तेच असंल. अन् तेच नसंल तर मग मी खुळा झालो असंल. दोन्हीपैकी एकबी हिला सांगायची हिंमत नव्हती.’’

आणि मी या माणसाला शीर, कंबर आणि गादी यांच्यावरच्या गप्पांत साथ दिली होती.

सिडकोला आम्ही तिघं गेलो. मला जायचं काही कारण नव्हतं, पण सरांनी माझा दंड धरून ठेवला होता. डॉक्टर बाई असतील पस्तिशीच्या. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, ‘‘हे कोण?’’

‘‘विज्ञानाचे शिक्षक हायेत.’’

‘‘मग बसू द्या. उजळणी होईल.’’

पडद्यामागं त्यांनी सरांना तपासलं. नवी सोनोग्राफी झाली, लघवीच्या आणखी तपासण्या झाल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळे कागद पुढं घेतले, एका रिपोर्टाची पाठ कोरी होती त्यावर पेनानं आकृती काढली आणि ती वहिनींच्या बाजूला फिरवली.

‘‘हे वृषण. ही मागं वेटोळी घालून बसलेली नळी, अधिवृषण. संसर्ग इथं झाला होता. आता जंतू नाहीत. पण इतकी सुजलेली बारीक नळी एकदम पहिल्यासारखी होत नाही. हाताला लागते ती गाठ म्हणजे राहिलेली सूज आहे. कॅन्सर नाही. आणि दुखणं खरं आहे.’’

सर खुर्चीत पुढं सरकले. ‘‘शेवटचं परत एकदा म्हणता का, मॅडम?’’

‘‘दुखणं खरं आहे, सर. रिपोर्टमध्ये जंतू दिसतात, दुखणं दिसत नाही.’’

सर भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या तक्त्याकडं तोंड करून बसले. बराच वेळ त्यांनी तो तक्ता वाचला. चष्मा मात्र खिशातच होता.

वहिनींनी विचारलं, ‘‘हे झालं कशानं?’’

‘‘यांची प्रोस्टेट थोडी वाढलीय, लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. त्यात तुंबवून ठेवायची सवय. तिथून जंतू चढले. शरीरसंबंधातून होणाऱ्या आजारांच्याही तपासण्या केल्यात, त्यांत काही नाही.’’

वहिनींनी पिशवीतून बाटली काढली आणि डॉक्टर बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. बाईंनी काही विचारलं नाही. त्यांच्या डब्यात असे सिंह बरेच पडत असावेत.

उपाय इतका साधा होता की सरांचा विश्वास बसेना. जंतूंच्या गोळ्या बंद. थोडे दिवस दुखणं कमी करायची गोळी, कोमट पाण्यात बसणं, घट्ट आधार देणारा लंगोट, वेळच्या वेळी लघवी, रोज चालणं. गाठ वाढली किंवा ताप आला तर लगेच यायचं.

‘‘किती दिवसांत बरं व्हईल?’’

‘‘दिवसांत नाही, महिने लागतील. कदाचित थोडं राहीलही.’’

‘‘म्हणजे पूर्ण जाईलच असं नाय?’’

‘‘तसं सांगता येत नाही.’’

तंबूवाल्यानं सात दिवसांची हमी दिली होती. या बाईंनी कसलीच हमी दिली नाही, आणि सर मात्र जिना उतरताना पहिल्यांदाच नीट पाय जुळवून चालत होते.

पावसाळा संपेपर्यंत बहुतेक दुखणं गेलं. थंडीत कधी कुरकुरायचं. कोणी विचारलं तर सर म्हणत, ‘‘हाय थोडं. पण आता वळखीचं झालंय.’’ मैदानावर पोरगं पोट धरून आलं तर ते त्याला सावलीत बसवून म्हणत, ‘‘बोट ठेव. नेमकं कुठं?’’ त्या वर्षी शाळेला धावण्याची एकही ढाल मिळाली नाही. मुख्याध्यापकांनी याची लेखी नोंद घेतली.

मग एक दिवस सर माझ्याकडं आले. ‘‘तुमचा तो धडा मला द्या. एक तास.’’

मी आनंदानं दिला. शिवाय पळून न जाता मागच्या बाकावर बसलो. सरांनी फळ्यावर ती आकृती काढली, एकेका भागाचं नाव मैदानावरच्या आवाजात घेतलं आणि वर्गाकडून म्हणवून घेतलं. पहिल्या नावाला वर्ग हसला. सर थांबले. ‘‘हसून घ्या. मीबी पन्नास वर्षं हसलो. हसून झालं की सांगा, मग पुढं जाऊ.’’ तिसऱ्या नावाला कुणी हसलं नाही. मग त्यांनी स्वतःचं सगळं सांगितलं : सूज, ताप, कंबरेचा खोटेपणा, तंबू, बाटली. ‘‘इथं सुजलं, दुखलं, तर त्याच दिवशी घरात सांगायचं. घरात जमत नसंल तर मला सांगायचं. मी मैदानावर असतो.’’

दोन दिवसांत तक्रार आली. कुणा पालकाच्या मते शाळेत अश्लील शब्द वापरले गेले होते. मुख्याध्यापकांनी सरांकडून लेखी खुलासा मागितला. सरांनी खुलासा लिहिला : ‘वापरलेले सर्व शब्द शासनमान्य पुस्तकातील असून ते माझ्या अंगातही आहेत. तक्रारदार पालकांच्या अंगात नसल्यास तसे कळवावे.’

खुलासा वाचून मुख्याध्यापकांनी सरांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आम्ही सगळे कान लावून. मराठीच्या बाई म्हणाल्या, ‘‘निलंबन.’’ अर्ध्या तासानं दार उघडलं. सर गंभीर चेहऱ्यानं माझ्या शेजारून गेले आणि मैदानावर पोचल्यावरच बोलले, ‘‘सिडकोवाल्या मॅडमचा नंबर पायजे व्हता त्यांना. सहा महिन्यांपासून दुखतंय म्हणे.’’

खुलासा फायलीत गेला. तक्रारीचं पुढं काही झालं नाही.

सर निवृत्त होऊन पिशोरला राहायला गेले. मागच्या वर्षी वारले ते हृदयानं, अंगणात चालता चालता. ज्या जागेची त्यांनी एवढी धास्ती घेतली होती ती शेवटपर्यंत बरी होती, असं वहिनींनीच मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आलं आणि मग रडूही.

सर जायच्या वर्षभर आधी मी पिशोरला गेलो होतो. सहज आलो, असं मी दारात म्हणालो. सर घरी नव्हते, आठवड्याच्या बाजाराला गेले होते. वहिनींनी मशीन थांबवलं, पाणी दिलं, माझ्या बसण्याच्या तऱ्हेकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, ‘‘भाऊजी, दुखतंय का?’’

पंधरा दिवस मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. घरी तर नाहीच. वहिनींना मी ‘हो’ म्हणालो.

त्यांनी लगेच सरांना फोन लावून माझ्या हातात दिला. मागं बाजाराचा गलका, आणि त्यावर सरांचा आवाज : ‘‘डावीकडं का उजवीकडं? सूज हाय का? ताप? लघवीला जळजळतं का?’’ मी हळू आवाजात एकेक उत्तर देत होतो आणि सर ते साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं परत म्हणून पक्कं करत होते. मध्येच एका बाईचा आवाज आला, ‘‘डाक्टर हायेत का वो तुम्ही?’’

‘‘नाय मावशी, ड्रिल मास्तर!’’ मग मला म्हणाले, ‘‘उद्या सकाळी सिडकोला या. मी पहिल्या गाडीनं येतो. अन् तुमच्या घरी वहिनींना सांगून या.’’

मी सांगून गेलो. बायको बरोबरच आली. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा गर्दी होती, सगळ्या भिंतींना टेकून पुरुष उभे होते, एकमेकांकडं न बघता. पीटी सर बाकावर ताठ बसले होते. एका बाजूला त्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला पसरलेला पांढरा रुमाल. दोन माणसांची जागा त्यांनी आमच्यासाठी धरून ठेवली होती.